मशीन नवं, टोक तेच

"आर्गन दहा लिटरवर आहे, पल्स लावलाय, तरी आर्क भटकतोय." नव्या इन्व्हर्टर टिग वेल्डिंग मशीनवर बसलेल्या पोराची आजची तक्रार. आर्गन म्हणजे जोडाला हवेपासून वाचवणारा वायू, पल्स म्हणजे करंट सतत कमी-जास्त करणं, आर्क म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत.

मशीनला हातच लावला नाही. आधी टॉर्चमधलं टंगस्टन, म्हणजे जिच्या टोकातून आर्क निघतो ती कांडी, काढून बघितलं. 2.4 मिलिमीटरचं, टोकावर ग्राइंडरच्या रेषा आडव्या, अंगठीसारख्या गोल. त्या उभ्या हव्यात, टोकाकडे जाणाऱ्या. पाचेक मिलिमीटर उतार देऊन उभं घासलं, आणि 304 स्टेनलेस स्टीलच्या पाइपवर आर्क गप उभा राहिला.

लाल पट्टीचं थोरियमवालं टंगस्टन कमी झालं, बरंच झालं. त्याची धूळ किरणोत्सारी. एचएफ, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी, आल्यापासून आर्क पेटवायला टोक कामाच्या धातूवर घासावं लागत नाही.

पण बटण सोडलं की पोरगं टॉर्च लगेच वर उचलतं! मग पोस्ट-फ्लोचे, म्हणजे आर्क विझल्यावरही गरम टोकावर आणि जोडावर वायू सोडत राहण्याचे, सहा सेकंद कोणासाठी ठेवलेत?