मेडिक्लेम मिळाला, उजव्या पानाचा हिशेब अजून चालू आहे : माझा अनुभव

‘रुग्णास उच्च रक्तदाबाचा त्रास नेमका केव्हापासून आहे?’ विमा कंपनीच्या या एका ओळीने आमच्या घरातला अख्खा पावसाळा खाल्ला. पैसे आलेत, सासरे ठणठणीत आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. तरी ती ओळ आठवली की अजून डोकं उठतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ७२, बँकेतून निवृत्त. गेल्या जूनमध्ये पहाटे छातीत दुखायला लागलं. साताऱ्यात जे हॉस्पिटल सगळ्यात जवळ तिथे नेलं. अँजिओग्राफी, लगोलग अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. उपचारांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. कॅशलेससाठी कागद गेले, कंपनीकडून उत्तर आलं की सध्या नामंजूर, बिल भरून नंतर क्लेम करा. शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज आणि काउंटरवर सव्वातीन लाख रुपये. शनिवारी संध्याकाळी कुठली बँक उघडी असते?

आमचं खातं रिकामं केलं, माझी एक एफडी ऑनलाइन मोडली. भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, पैसे घातले. नणंदेने यूपीआयवरून एक लाख पाठवले. त्या दिवसाची मर्यादा संपली म्हणून उरलेले तिच्या नवऱ्याच्या खात्यातून आले. घरी आल्यावर मी मुलीची एक कोरी वही घेतली. डाव्या पानावर क्लेमचं सगळं: तारीख, वेळ, फोनवर कोण बोललं त्याचं नाव, तक्रार क्रमांक. (हे कराच. ‘मॅडम, असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ या प्रश्नाला नाव आणि वेळ सांगितली की समोरचा आवाज लगेच नरम होतो.) उजव्या पानावर उसनवारी, कुणाकडून किती आले त्याची नोंद.

त्याच सुमारास मैत्रिणीने ‘कृतज्ञतेची डायरी लिही, मन शांत राहतं’ असा सल्ला दिला होता. तिला बरं म्हटलं. माझं मन शांत राहण्याची शक्यता तेव्हा नव्हतीच, आणि बसून छान छान लिहायला वेळही नव्हता. पण देणं ठेवायचं नाही ही आमच्या माहेरची शिस्त. उजव्या पानावर भाऊजींची रक्कम लिहिली तेव्हा वाटलं, हा माणूस आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकड्यावर रात्रभर बसला, ते कुठे लिहायचं? मग तेही रकमेखाली लिहिलं. शेजारच्या काकूंनी रोज दोन्ही वेळचा डबा पोचवला. ऑफिसातल्या एकीने माझी महिनाअखेरची कामं उपसली. दहावीतली मुलगी रात्री अण्णांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी भरते आणि रक्त पातळ करायची गोळी राहिली नाही ना, हे दोनदा बघते. (ती गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.) रुपयांचा रकाना रिकामा आणि नाव मात्र लिहिलेलं, अशा ओळी वाढत गेल्या.

आता मूळ दुखणं.

क्लेमची फाइल मी नीट लावली होती. फॉर्मचा भाग अ आपण भरायचा, भाग ब हॉस्पिटलने भरून शिक्का मारायचा. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, रिपोर्ट, अँजिओची सीडी, रद्द केलेला चेक, आधार, पॅन. आणि स्टेंटची स्टिकरं. स्टेंटच्या खोक्यावर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, मुदत. हॉस्पिटल ते केस पेपरवर चिकटवतं. दोन स्टेंट असतील तर दोन स्टिकरं आणि त्यांचं बिल मागून घ्या, नाहीतर त्यासाठी वेगळा हेलपाटा पडतो. आमची फाइल पोचली, पोच आली आणि मग ती ओळ आली.

झालं होतं असं की पहाटे कॅज्युअल्टीत ड्यूटीवरच्या डॉक्टरने अण्णांना विचारलं, बीपी किती वर्षांपासून? अण्णा ऑक्सिजनवर. काहीतरी पुटपुटले. डॉक्टरने लिहिलं, ‘एचटीएन (म्हणजे उच्च रक्तदाब), बारा वर्षं’. अण्णा आजही छातीठोकपणे सांगतात की, मी निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असं सांगत होतो. खरं म्हणजे त्यांना बीपी २०१९ साली निघालं आणि पॉलिसी २०१७ पासून आहे, एकदाही खंड नाही. पण कंपनीच्या हिशेबाने बारा वर्षं म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून, म्हणजे फॉर्मवर लपवलं!

हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर गेले. तिथला मुलगा म्हणाला, केस पेपरवर खाडाखोड करता येत नाही. बरोबरच आहे त्याचं, करूही नये. मग मोठ्या डॉक्टरांचं खुलाशाचं पत्र हवं. ते ओटीत. नंतर ओपीडीत. नंतर कॉन्फरन्सला. एके दिवशी भेटले, दोन मिनिटांत पत्र सांगितलं, पण लेटरहेड संपलेलं! लेटरहेड छापून आल्यावर पत्र मिळालं, पाठवलं, कंपनी म्हणाली त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. क्रमांक घालून पुन्हा पाठवलं. त्यानंतर पहिल्याइतक्याच थंड भाषेत तीच ओळ पुन्हा आली, शेपटाला नवी मागणी: ‘प्रथम निदानाच्या वेळचे प्रिस्क्रिप्शन सादर करावे, अन्यथा फाइल बंद करण्यात येईल.’

२०१९ सालचं प्रिस्क्रिप्शन! कोण जपून ठेवतं? त्यातून अण्णांना ती गोळी लिहून दिली गावाकडच्या डॉक्टरांनी, तेव्हा अण्णा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाला भाऊजींकडे होते. आम्ही कपाट उपसलं, पलंगाखालच्या पेट्या काढल्या. २०१९ ची लाइट बिलं सापडली, सगळी.

आता इथे माझ्या धाकट्या जावेचा संबंध येतो, आणि ते लिहिणं थोडं अवघड आहे. गावच्या घराच्या वाटणीवरून तिचं माझं बोलणं दोनेक वर्षं कामापुरतंच होतं. भांडण नाही, पण सणाला जेवायला बसलो की मधे एक ताट मोकळं असायचं. मी तिला विचारलं नव्हतं. नवऱ्याने भाऊजींना विचारलं, भाऊजींनी तिला. रात्री साडेदहाला माझ्या फोनवर एक फोटो आला, सोबत एक अक्षर नाही. चुरगळलेला कागद, त्यावर डॉक्टरांचं अगम्य अक्षर, पण तारीख स्वच्छ: २०१९. बीपी १६०/१००. खाली इंग्रजीत, नुकतंच आढळलं. अण्णांना डॉक्टरांकडे त्या दिवशी तीच घेऊन गेली होती, गोळी आणताना दुकानदाराला दाखवायला फोटो काढला होता. बाई फोनमधलं काही पुसत नाही.

तेवढ्यावर थांबली असती तरी खूप होतं. दोन दिवसांनी ती स्वतः साताऱ्याला आली. त्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांच्या रजिस्टरवरून दाखला करून आणला होता, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक सगळं जागच्या जागी. पाकीट टेबलावर ठेवलं, चहा घेतला, तीनची एसटी पकडली. वाटणीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तो अजून तसाच आहे.

रात्री उजव्या पानावर तिचं नाव लिहिताना पेन जरा अडखळलं. जिच्याशी सगळं गोड आहे तिचे आभार मानायला काहीच लागत नाही. इथे मानावे लागले, फोन करून, नीट शब्दांत. ती म्हणाली, ‘त्यात काय, माझेही सासरेच आहेत ते.’ एवढंच.

दाखला हातात आल्यावर मी कॉल सेंटरचा नाद सोडला. तो आधीच सोडायला हवा, असं आता सगळ्यांना सांगत असते. प्रत्येक कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदपत्रांतच छापलेला असतो. त्याला लिहिलं. २०१७ पासूनच्या पॉलिसीच्या सगळ्या प्रती, दोन्ही डॉक्टरांची पत्रं, प्रिस्क्रिप्शन आणि एक मुद्दा ठळक करून: विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमानुसार पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की आजार सांगितला नव्हता या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. आमच्या पॉलिसीला साठाहून कितीतरी जास्त महिने झालेले. म्हणजे ती ओळ मुळात कशाला विचारत होते, देव जाणे. (मधे विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे ६० महिने वेगळे मोजतात, ते बघून ठेवा.) त्याच दिवशी विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली. ते जमत नसेल तर १५५२५५ हा नंबर आहे.

मग हालचाल दिसली. आधी ‘आपल्या प्रकरणाचा पुनर्विचार सुरू आहे’, मग एका दुपारी बँकेचा मेसेज. ऑफिसात सगळ्यांसमोर मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली, लाज वाटली नाही. हे झालं नसतं तर पुढची पायरी विमा लोकपाल, आपल्यासाठी पुणे. तिथे फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना गेला किंवा नकार आला की जाता येतं, फक्त नकारानंतर वर्षाच्या आत.

काही रक्कम कापली. हातमोजे, नोंदणी फी, असल्या वस्तू पॉलिसीत बसत नाहीत. पण मोठी कात्री वाचली ती आईंमुळे. आयसीयूतून खोलीत हलवताना डेस्कवाल्याने डिलक्स रूम सुचवली, आम्ही सगळे थकलेले, हो म्हणणारच होतो. आई मागून म्हणाल्या, ‘खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे आपल्या पॉलिसीत, दोघांची खोली बघा.’ मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्याचा फरक जात नाही, डॉक्टरांची फी वगैरे बाकी खर्चही त्याच प्रमाणात कापतात. आईंची शाळा सातवीपर्यंत, पण दरवर्षी नूतनीकरणाचा कागद आला की चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. खंड न पडण्याचं श्रेयही त्यांचंच. एका वर्षी हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडायच्या विचारात होतो, त्यांनी दिवाळीची खरेदी थांबवून भरायला लावला.

हप्त्यावरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. आणि प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर सासू-सासऱ्यांचा हप्ता सुनेच्या खात्यातून भरू नका, हप्त्याची करातली वजावट स्वतःच्या आईवडिलांसाठीच मिळते, तेव्हा मुलानेच भरावा. सत्तरीच्या पुढचं कुणी घरात असेल तर सरकारी मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. योजनेतल्या हॉस्पिटलांची यादीही फोनमध्ये ठेवा, पहाटे चारला ती शोधता येत नाही.

पैसे आले त्याच आठवड्यात डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर रेघा मारायला बसले. नणंदेने सगळे परत घेतले. घ्यायलाच हवेत, तिच्या घराचा हप्ता चालू आहे. भाऊजींनी आढेवेढे घेतले, मी ऐकलं नाही. काकूंच्या यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा आमच्या घरून गेला. मुलीला काय द्यायचं ते कळलं नाही. तिने स्वतःच सांगितलं, रविवारी मला कुणी उठवायचं नाही. मंजूर.

जावेच्या नावापुढची ओळ तशीच होती. परवा तिचा फोन आला, तिच्या आईची पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायची आहे, जुन्या आजारांना संरक्षण मिळेपर्यंत थांबावं लागतं त्या प्रतीक्षेची झालेली वर्षं वाया जातात का, असं विचारत होती. जात नाहीत, पण हे काम नूतनीकरणाच्या तोंडावर होत नाही, दीड-दोन महिने आधी हलावं लागतं. सगळे कागद घेऊन ये म्हटलं, आणि या खेपेला तीनची एसटी पकडायची नाही, मुक्कामाच्या तयारीने ये.