बत्तिसावी आकृती

वस्ताद आले तेव्हा आमचं प्रशिक्षण ऐन रंगात आलं होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला काढलेल्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, दोन संगणकांभोवती आम्ही पाच जण बसलो होतो: मी ग्रंथपाल, माझा सहायक, देवघेवीवरच्या ताई, लिपिक आणि आमचे शिपाई मामा. ग्रंथालयशास्त्र शिकवणारे एक तरुण सर लागोपाठ तीन शनिवार येणार होते. इंटरनेटवर संदर्भ कसा शोधायचा आणि वाचनालयाचं फेसबुक पान कसं चालवायचं, हे दोन विषय. हा दुसरा शनिवार होता.

पहिल्या शनिवारी आम्ही बरंच शिकलो होतो. अवतरणचिन्हांत वाक्य टाकलं की तेच शब्द त्याच क्रमानं शोधले जातात. वजाचं चिन्ह लावलं की नको ते गळून पडतं. बंद पडलेल्या संकेतस्थळांची जुनी पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बघता येतात. शोधगंगेवर विद्यापीठांचे प्रबंध सबंध वाचायला मिळतात. सरांनी घरी करायला एक प्रश्नही दिला होता. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात घरोघर सांगतात. ती पहिल्यांदा छापून कुठे आली ते शोधा, असा तो प्रश्न. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचंच नाव आहे, त्यामुळे मला तो प्रश्न आपल्या घरातलाच वाटला. आठवडाभर शोधून आमच्या हाती लागला तो एकमेकांवरून उतरवलेला एकच परिच्छेद, ठिकठिकाणी. शोध लागणं आणि मूळ सापडणं यातलं अंतर मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

तेवढ्यात दारात वस्ताद उभे. सत्तरी कधीच ओलांडलेली, कान मोडलेले, हातात प्लास्टिकची पिशवी.

"बाई, ह्ये पुस्तक हाय का बघा तुमच्याकडं."

"नाव काय पुस्तकाचं?"

"नावच गेलंय न्हवं का पाण्यात."

पिशवीतून त्यांनी जे काढलं त्याला पुस्तक म्हणायचं तर मुखपृष्ठ नव्हतं, शीर्षकाचं पान नव्हतं, पहिला अख्खा फर्मा गेलेला होता. पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक पानावर खालून वर एक तृतीयांश उंचीला गाळाची तपकिरी रेघ, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं 43 फूट म्हणजे धोक्याची पातळी, यावरून काय ते समजा. वस्तादांची तालीम नदीकडच्या पेठेत. हौद्यातली ताक, तेल, हळद, लिंबू घालून वर्षानुवर्षं कमावलेली लाल माती एका रात्रीत गेली, आणि मारुतीशेजारच्या देवळीत ठेवलेलं हे पुस्तक दोन दिवस पाण्यात राहिलं. वस्तादांना ते त्यांच्या वस्तादांनी दिलेलं. त्यांनी ते चुलीशेजारी वाळवलं, पान न् पान सुटं केलं. त्यात एक पान फाटून लगदा झालं.

आत कुस्तीचे डाव होते, रेघांच्या आकृत्यांसकट. आकृती 31 होती, आकृती 33 होती. बत्तिसावी नव्हती.

"माझं काय, मला पाठ हाय. पर माझ्यामागं पोरांनी कशात बघायचं?"

मी प्रशिक्षण थांबवते म्हणाले. सर म्हणाले, "थांबवू नका. हेच करू आज."

मग आम्ही सगळे तुटून पडलो. ताईंनी 'कुस्ती डाव पुस्तक' टाकलं, तर व्हिडिओच व्हिडिओ. सहायकानं मोबाइलवर आकृतीचा फोटो घेऊन गूगल लेन्सला दिला, तर त्यानं ज्यूदोची चित्रं दाखवली. सरांनी पुस्तकातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं. काहीच नाही. दुसरं वाक्य, तेही नाही. अर्धा तास झाला. वस्ताद खुर्चीच्या कडेवर ताठ बसून होते, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांच्याकडे बघून माझा जीव तुटत होता.

सरांनी काय टाइप केलं होतं ते मी वाचलं: 'प्रतिपक्ष्याच्या मानेवर उजवा हात टाकावा व डाव्या हाताने त्याचे कोपर धरावे.' मग पुस्तकातलं वाचलं: '...व डाव्या हातानें त्याचें कोपर धरावें.' तिन्ही ठिकाणी अनुस्वार होता. बोटांना सवय आजच्या लेखनाची, त्यामुळे सरांच्या हातून तो आपोआप गळला होता. 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणजे पुस्तक बहुधा त्याआधीचं. मी अनुस्वारांसकट टाइप केलं. तरीही शून्य. सरांनी कारण सांगितलं ते माझ्यासाठी नवं होतं. जुन्या मराठी पुस्तकांच्या कितीतरी स्कॅनमध्ये अक्षरओळख झालेलीच नसते, किंवा संगणकानं देवनागरीला इंग्रजी समजून वाचलेलं असतं आणि आत नुसता अक्षरांचा कचरा साठलेला असतो. डोळ्यांना पान दिसतं, शोधाला दिसत नाही. अशा वेळी मजकुरावरून पुस्तक सापडत नाही, नावच लागतं. आणि नाव तर पाण्यात गेलेलं.

मी उठून तालिकेच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या, लाकडी कपाटाकडे गेले. संगणक आल्यापासून ते आम्ही जिन्याखाली ढकललंय. अडगळ म्हणून काढून टाकायचा ठराव दोनदा झाला, दोन्ही वेळा मी कडाडून विरोध केला. 'क' चा खण ओढला. तिथं माझ्या आधीच्या कुणा ग्रंथपालांच्या टपोऱ्या अक्षरातलं, निळ्या-काळ्या शाईचं एक कार्ड होतं: 'कुस्ती : पाहा मल्लविद्या'. खाली वर्गांक 796.812.

बस्स, एवढंच. पण मला पुढचं दिसलं. त्या काळी पुस्तकांच्या नावात 'कुस्ती' पेक्षा 'मल्लविद्या' असण्याचा संभव जास्त. आमच्याकडे ते पुस्तक नव्हतं, पण संदर्भ विभागात शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. पहिल्या भागात 1800 ते 1937 मधल्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. एका माणसानं आयुष्य वेचून केलेलं काम! तो जाडजूड ग्रंथ मामांनी दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला. व्यायामाच्या विषयाखाली मल्लविद्येवरची पुस्तकं लागली. ताईंनी नावं कागदावर उतरवली.

आता ती नावं शोधायची, पण कुठल्या लिपीत? सर म्हणाले की जुन्या पुस्तकांच्या स्कॅनना अनेकदा रोमन अक्षरांत नावं दिलेली असतात, आणि ती टाइप करणाऱ्यानं मनाला येईल तशी. मग आम्ही 'मल्ल' दोन एलनं लिहिला, एका एलनं लिहिला. 'विद्या' मध्ये डीनंतर एच घातला, काढला. व्हीच्या जागी डब्ल्यू केला. लिपिक एरवी फारसे बोलत नाहीत, पण त्यांना अनुदानाचे अर्ज इंग्रजीत भरून या चुकांचा चांगला सराव. ते एकेक स्पेलिंग सुचवत गेले आणि त्यातल्याच एकाला पडद्यावर एक पिवळट स्कॅन उघडलं. मी आकृत्यांवर गेले. एकतिसावी आकृती. वस्तादांच्या पुस्तकातली शेजारी धरली. तीच रेघ, तोच पैलवान, तीच वाकडी मिशी.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. मी पान उलटलं.

एकसष्टनंतर एकदम चौसष्ट. आकृती 33.

स्कॅन करणाऱ्याच्या हातून एक पान जास्त उलटलं गेलं होतं, आणि नेमकं तेच. खोलीत कुणी काही बोललं नाही. वस्तादच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. एवढं केलासा." आणि मग, आमची तोंडं बघून असेल, उठले. "म्या दावतो तुमास्नी, कसा हाय त्यो."

त्यांनी मामांना पुढे बोलावलं. आम्ही खुर्च्या भिंतीला लावल्या. वस्तादांनी मामांच्या मानेवर उजवा हात टाकला, डाव्यानं कोपर धरलं आणि उजवा पाय मामांच्या पायामागे असा काही सरकवला की मामा हवेत तिरके. पाडलं नाही, तिथंच पेललं. तेवढ्या क्षणात सत्तर वर्षं कुठल्या कुठे गेली. मामा नंतर दिवसभर सांगत होते, जमीनच पायाखालून निघून गेली म्हणून.

सरांनी विचारलं, "वस्ताद, पुन्हा दाखवाल का? व्हिडिओ घेतो, तुमची हरकत नसेल तर." वस्तादांनी आधी शर्टाची बटणं लावली.

आमच्या फेसबुक पानावर तोवर काय होतं? जयंत्या, पुण्यतिथ्या आणि सुविचार, बहुतेक कुठून तरी आलेले. ते मी टाकायचे, कारण पान रिकामं दिसू नये. मला आता वाटतं की वाचनालयानं खात्री न करता काही टाकणं म्हणजे न तपासलेलं पुस्तक मांडणीवर ठेवणं. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे विचारायला खरा प्रश्न होता. सरांनी तो मला लिहायला लावला आणि तीनदा खोडायला लावला. महापुराची करुण कहाणी काढून टाकली. उरलं ते एवढंच: हे पुस्तक कुणाकडे आहे का, पान 62 आणि 63 हवं आहे, आकृती 32. सोबत एकतिसाव्या आकृतीचा स्वच्छ फोटो आणि वस्तादांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. अख्खं स्कॅन टाकावं असं सहायकाचं म्हणणं होतं, ते मी मानलं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि या लेखकाच्या मृत्यूचं साल आम्हाला लागलेलं नव्हतं. अजूनही लागलेलं नाही. म्हणूनच पुस्तकाचं नाव इथं लिहीत नाही. वारसांचा शोध चालू आहे.

तोच मजकूर वस्तादांच्या नातवानं तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिथून तो किती तालमींत फिरला कोण जाणे. कोल्हापुरात कुस्तीचा निरोप पोचायला वेळ लागत नाही.

रात्री पावणेदहाला, भाकरी तव्यावर असताना, वाचनालयाच्या मोबाइलवर दोन फोटो आले. मिरजेकडच्या एका बाईंनी पाठवले होते. आजोबांच्या ट्रंकेत पुस्तक होतं, कुणी वाचत नव्हतं, पण टाकवतही नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला होता. मी गॅस बंद केला आणि आधी जोड तपासली. एकसष्टाव्या पानाचं शेवटचं वाक्य 'नंतर आपला' वर तुटत होतं. बासष्टावं पान 'डावा पाय' नं सुरू होत होतं. त्रेसष्टच्या शेवटच्या शब्दानंतर चौसष्टचा पहिला शब्द बरोबर बसत होता. अक्षराचा ठसाही तोच. पान खरं होतं. मी त्या बाईंना फोन करून आभार मानले आणि छापून एका तालमीला द्यायची परवानगी घेतली.

'डावा पाय' हे शब्द मी वाचले होते, पण तेव्हा माझ्या लक्षात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद आले. मी दोन्ही पानं मोठी करून जाड कागदावर छापून ठेवली होती. त्यांनी चष्मा लावला. आकृतीवर बोट ठेवलं, मानेवरच्या हातावरून, कोपरावरून, खाली पायापर्यंत आणलं. बोट तिथंच थांबलं. बराच वेळ.

"ह्यो डावा हाय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"काल म्या उजवा दावला. पोरांस्नी बी उजवाच शिकवला, इतकी वर्सं." त्यांनी चष्मा काढला. "तरणा हुतो तवा खासबागेत माझा डावा घोटा निखळला. तवापास्नं उजवा टाकाय लागलो. आमचं वस्ताद डावाच टाकायचं. इसरलो हुतो की वो."

मी मोबाइलवर कालचा व्हिडिओ उघडून त्यांच्यासमोर धरला. तो काढून टाकू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. खाली लिवा, वस्ताद चुकला. आकृतीत हाय त्ये बराबर." मी 'चुकला' लिहिलं नाही. छापील आकृतीत डावा पाय आहे आणि वस्ताद तो दुखापतीमुळे उजव्यानं करतात, असं लिहून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी होकार दिला.

मग कागद टेबलावर पसरून त्यांनी मामांना हाक मारली. मामा हातातला झाडू ठेवून आले. वस्तादांनी एक हात तालिकेच्या कपाटाला टेकला, तोल सावरला आणि डावा पाय हळूहळू मामांच्या पायामागे नेला.