दोन डॅनियल ओ'सलिव्हन

आमच्या लॅबच्या संगणकात 'ओ'सलिव्हन' एवढंच टाकून शोधलं, तर पानांमागून पानं उघडत जातात. पुढे 'मेरी' किंवा 'जॉन' जोडलं तरी यादी फारशी आखडत नाही. मी आयर्लंडच्या नैऋत्येला, कॉर्क काउंटीतल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मर्फी आणि केली या आडनावांच्या खालोखाल देशात ज्यांची नावं घेतात, त्यांत ओ'सलिव्हन येतं. आणि त्याचं खरं घर कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांत आहे. निबंधक कार्यालयातल्या रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० च्या जन्मनोंदींवरून देशातल्या आडनावांचा अंदाज बांधला, तेव्हा सलिव्हन मंडळी सुमारे ४३,६०० भरली होती आणि यादीत तिसरी आली होती. आज आमच्याकडे सॅम्पल पाठवणाऱ्या काही खेड्यांत तर दर चार-पाच पिशव्यांमागे हे आडनाव दिसतं.

जी हकिगत सांगते आहे तिच्यातली पहिली नावं मी बदलली आहेत. आडनाव तेच ठेवलं आहे. त्यावरून कोणाला ओळखता येईल अशी शक्यताच नाही.

शुक्रवार होता. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांची सॅम्पलं दुपारी एकदम येतात, ती ॲनालायझरवरून उतरत होती आणि मी निकाल पाहून पुढे सोडत होते. एका नावाशी संगणक अडला. आम्ही त्याला डेल्टा चेक म्हणतो: त्याच रुग्णाचा मागचा निकाल आणि आजचा निकाल यांत न पटण्याइतकी तफावत आली की यंत्र रिपोर्ट रोखून धरतं. डॅनियल ओ'सलिव्हन, जन्म नोव्हेंबर १९६१. सहा आठवड्यांपूर्वी फेरिटिन १,४६०. आज ७१.

फेरिटिन म्हणजे शरीरात लोह किती साठलं आहे याचा अंदाज देणारं प्रथिन. पुरुषांत ते तीनशे-चारशेच्या वर गेलं की आयर्लंडमध्ये पहिली शंका येते हिमोक्रोमॅटोसिसची. या आजारात आतडं अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेत राहतं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, त्यामुळे ते यकृतात, स्वादुपिंडात, सांध्यांत, हृदयात साठत जातं. वर्षानुवर्षं फक्त थकवा आणि बोटांचे सांधे दुखणं एवढंच जाणवतं, आणि कळतं तेव्हा कधी कधी यकृत खराब झालेलं असतं. इथे दर ८३ माणसांमागे एकात या आजाराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सापडतात आणि दर पाचांमागे एक जण एक प्रत बाळगून असतो. जगात इतकं प्रमाण कुठेच नाही. उपाय मात्र साधा आहे: आठवड्याला एकदा अर्धा लिटरच्या आसपास रक्त काढायचं, जेणेकरून नव्या पेशी बनवायला शरीर साठलेलं लोह वापरेल.

साधा असला तरी तो वेळ घेतो. एका वेळच्या रक्तातून जेमतेम २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघतं. १,४६० वरून शंभराच्या खाली यायला कित्येक महिने लागतात. सहा आठवड्यांत हे होणं अशक्य. शिवाय मागच्या वेळी लाल पेशींचं सरासरी आकारमान ९९ होतं, आज ८६. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे हा आकडा एका माणसात असा उडी मारत नाही. दोन आकड्यांनी मिळून एकच गोष्ट सांगितली: ही दोन सॅम्पलं दोन वेगळ्या माणसांची आहेत.

मी मूळ फॉर्म काढला. हाताने लिहिलेला. नाव डॅनियल ओ'सलिव्हन. पत्ता म्हणून फक्त टाउनलँडचं नाव. टाउनलँड म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा. अख्ख्या आयर्लंड बेटावर असे साठ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यातल्या घरांना पिढ्यानपिढ्या ना क्रमांक होता ना रस्त्याचं नाव. २०१५ मध्ये प्रत्येक घराला स्वतंत्र एअरकोड, म्हणजे आपल्या पिनकोडसारखा पण फक्त त्याच पत्त्याचा कोड, मिळाला, तोवर आयर्लंडमधल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पत्त्यांचा आणखी कोणीतरी भागीदार होता. या फॉर्मवर एअरकोडची जागा कोरी होती. जन्मतारखेचा पहिला आकडा ३ होता की ८, ते मी भिंगाखाली पाहूनही सांगू शकले नसते. ट्यूबवरच्या लेबलावरही तसाच. आमच्या संगणकात त्या टाउनलँडचा, त्या महिन्यातला एकच डॅनियल होता, ८ तारखेचा, म्हणून सॅम्पल त्याच्या खात्यावर चढलं होतं.

पण मला जास्त धास्ती मागच्या निकालाची वाटली. १,४६० हा आकडा तरी नक्की कोणाचा? ८ तारखेच्या डॅनियलचं रक्त काढायला सोमवारी सकाळी आमच्याच डे वॉर्डात सुरुवात होणार होती. सहा आठवड्यांपूर्वीही असाच आकडा वाचला गेला असेल, तर सोमवारी धडधाकट माणसाचं रक्त निघणार होतं आणि ज्याचं यकृत लोहाने भरत चाललंय तो "सगळं ठीक आहे" असं पत्र घेऊन घरी बसणार होता. मी दोन्ही निकाल अडकवून ठेवले, वॉर्डाला कळवलं आणि दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर बाहेर व्हिजिटला गेले होते. नर्स पेशंट संपले की उलट फोन करेल, असं सांगण्यात आलं.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी आहे. ती बेरा द्वीपकल्पातली, माहेरची ओ'सलिव्हन, आणि लग्न केलं तेही ओ'सलिव्हनशी. चहाच्या टेबलावर मी तिला टाउनलँडचं नाव सांगितलं, तशी ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "दोघे असणारच. चुलतभाऊ असतील. नर्सला विचार, कोणाचा डॅनी."

आणि मग ती बोलत राहिली. इथे जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आजोबा डॅनियल असतील आणि त्यांना चार मुलगे, तर प्रत्येकाच्या घरी थोरला डॅनियल. नावंही मोजकीच. इंग्रजी अंमलात गेलिक नावांना कारकुनांनी आणि पाद्र्यांनी जी इंग्रजी जोड शोधली, तीच रुळली: डोनालचा डॅनियल, टायगचा टिमथी, डिअरमुइडचा जेरमाया, आणि फिनिनचा चक्क फ्लॉरेन्स. पश्चिम कॉर्कमध्ये फ्लॉरेन्स हे पुरुषाचं नाव असतं, हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच समजावून सांगावं लागलं होतं.

आडनाव सुरू होतं दहाव्या शतकात. आयर्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं युरोपातल्या बऱ्याच देशांच्या आधी आली. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. मूळ पुरुष सूलिवान. त्या नावात डोळा आहे हे सगळे मानतात, पण काळ्या डोळ्यांचा की एका डोळ्याचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझी सहकारी अर्थातच काळ्या डोळ्यांच्या बाजूची. हे घराणं मुळात इथलं नव्हे. टिपररी काउंटीत, शुर नदीच्या काठच्या सुपीक जमिनी त्यांच्या होत्या. बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी त्या बळकावल्या आणि ही माणसं नैऋत्येच्या खडकाळ टोकांकडे रेटली गेली. थोरली पाती केनमेअरजवळ डंकेरनला, दुसरी बेरात डनबॉयच्या किल्ल्यावर.

डनबॉयची गोष्ट ती दर वेळी नव्याने सांगते आणि मी दर वेळी ऐकते. १६०१ मध्ये किन्सेलला आयरिश आणि स्पॅनिश फौजा हरल्या. जून १६०२ मध्ये इंग्रजांनी डनबॉय पाडलं. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी डोनाल काम ओ'सलिव्हन बेरा सुमारे हजार माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला: लढवय्ये, बायका, मुलं, नोकरचाकर. भर हिवाळा, वाटेवर ठिकठिकाणी हल्ले, पोटाला अन्न नाही. पंधरवड्याने लीट्रिमला ओ'रोर्कच्या किल्ल्यापाशी पोचले तेव्हा पस्तीस उरले होते. बाकीचे मेले किंवा वाटेत जागोजाग थांबले. डोनाल काम स्पेनला गेला आणि १६१८ मध्ये माद्रिदमध्ये मारला गेला.

सरदार गेले, पण कुळं राहिली. एका बाजूला काहा डोंगर, तिन्ही बाजूंना समुद्र, आणि आत तीच माणसं आपापसांत लग्नं करत राहिली. सतराव्या-अठराव्या शतकात पुष्कळांच्या नावातला 'ओ' गळला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेलिक भाषेची चळवळ उभी राहिली तसा तो परत आला. मधल्या काळात जे अमेरिकेला गेले ते नुसते सलिव्हनच राहिले. बेराच्या टोकाला ॲलिहीज इथे तांब्याच्या खाणी होत्या. त्या बंद पडत गेल्या तसे तिथले खाणकामगार मोंटाना राज्यातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणींवर गेले, इतके, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्यूटच्या शहर-निर्देशिकेत स्मिथांपेक्षा सलिव्हन जास्त होते. माझ्या सहकारीच्या पणजोबांचे दोन भाऊ त्यातलेच.

मागे उरलेल्यांनी एकमेकांना ओळखायचं कसं? त्यासाठी लोकांनी दुसरं नाव काढलं. कोणी 'रुआ', म्हणजे तांबूस केसांचे. कोणी 'बॉन', म्हणजे गोरे. ही शाखानावं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. नाहीतर सरळ बापाचं नाव चिकटवायचं: डॅनी जॅक, डॅनी मायकी. आपल्याकडे एका भावकीच्या वाडीत आडनाव कोणी उच्चारतच नाही, खालच्या घरचा आणि वरच्या घरचा एवढ्यावर भागतं, तसंच हे. पोस्टमनला ही नावं माहीत असतात, दूध गोळा करणाऱ्याला माहीत असतात. कोणत्याही सरकारी फॉर्मवर त्यांना रकाना नसतो.

पाचच्या आत नर्सचा फोन आला. मी टाउनलँड सांगितलं आणि विचारलं, आज रक्त दिलं तो कोणाचा डॅनी?

"तो मायकीचा डॅनी," ती म्हणाली. "जॅकचा डॅनी सोमवारी तुमच्याकडे येणार आहे ना, रक्त काढायला. त्याला लोहाचा त्रास निघाला म्हणून हा घाबरून आला. म्हणाला, माझंही बघा."

सगळं त्या दोन वाक्यांत उलगडलं. दोघे सख्खे चुलतभाऊ, एकाच डॅनियल आजोबांचे नातू, पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले. मायकीचा डॅनी ३ तारखेचा, जॅकचा ८ तारखेचा. मायकीच्या डॅनीची आमच्याकडे नोंद नव्हती, कारण साठी गाठेपर्यंत त्याचं रक्त कधी तपासावंच लागलं नव्हतं. आणि सहा आठवड्यांतच दोघांची सॅम्पलं येणं हा योगायोग नव्हता. एकाचा आजार कळला म्हणूनच दुसरा आला होता.

तरी फोनवरच्या ओळखीवर रिपोर्ट सोडता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. नर्सला सगळं माहीत होतं, पण उद्या तिच्या जागी दुसरी आली तर? मायकीच्या डॅनीचं सॅम्पल आम्ही रद्द केलं आणि दोघांचं नव्याने मागवलं, पूर्ण जन्मतारीख अक्षरी आणि एअरकोडसह. सोमवारी जॅकच्या डॅनीचं रक्त काढण्याआधी वॉर्डाने नमुना पाठवला. फेरिटिन १,४९२. म्हणजे मागचा आकडा त्याचाच होता. अर्ध्या तासाने वॉर्डात त्याचं पहिलं अर्धा लिटर रक्त निघालं. दुपारी मायकीच्या डॅनीचं सॅम्पल आलं: ६८.

जनुकाची तपासणी आम्ही बाहेर पाठवतो, ती यायला वेळ लागला. जॅकच्या डॅनीत एचएफई जनुकातल्या सी२८२वाय या बदलाच्या दोन्ही प्रती निघाल्या. मायकीच्या डॅनीत एक. म्हणजे तो वाहक, आजारी नव्हे. हा बदल कोणत्याही आडनावापेक्षा कितीतरी जुना आहे. उत्तरेकडच्या रॅथलिन बेटावर सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रयुगानंतरच्या कांस्ययुगातल्या एका माणसाच्या हाडांत डब्लिन आणि बेलफास्टच्या संशोधकांना तो आढळला. सूलिवान जन्मायच्या तीन हजार वर्षं आधीपासून तो या बेटावर हिंडतो आहे. म्हणूनच ओ'सलिव्हन असणं म्हणजे हा आजार असणं नव्हे. मर्फींत आणि बर्नांतही तो आहेच. खेड्यात मात्र "त्या घराण्याचा रोग" असं कुजबुजतात. त्यामुळे काही जण तपासणी टाळतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

एकाचं निदान झालं की सख्ख्या भावंडांची तपासणी करायचीच असते. जॅकच्या डॅनीच्या भावंडांचे चार फॉर्म काही दिवसांनी आले. एक जेरमाया ओ'सलिव्हन. एका बहिणीचं लग्नानंतरचं आडनाव हॅरिंग्टन. धाकटी शिक्षिका आहे, ती आयरिश भाषेतलं नाव लावते, आणि त्या भाषेत मुलीचं आडनाव 'ओ' ऐवजी 'नी' ने सुरू होतं आणि पुढचं अक्षरही बदलतं: नी हूलिवान. चौथा अमेरिकेहून सुट्टीला आलेला, त्याच्या पासपोर्टवर नुसतं सलिव्हन. एका आईची चार मुलं, आमच्या संगणकाच्या लेखी चार अनोळखी माणसं. त्यांना जोडायला प्रत्येक फॉर्मवर डॅनियलचा रुग्ण क्रमांक लिहिलेला होता, प्रत्येक ठिकाणी एअरकोड होता, आणि क्रमांकाशेजारी नर्सने कंसात लिहिलं होतं: जॅक. मी तो शब्द टिप्पणीच्या ओळीत जसाच्या तसा उतरवला आणि नमुने पुढे पाठवले. जेरमायाच्याही दोन्ही प्रती निघाल्या. त्याचं फेरिटिन ६१० होतं आणि यकृत अजून शाबूत होतं.