पेनड्राइव्हमधले शॉर्टकट आणि रोमिंगमधली ती फाइल

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी जो कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर घरच्यापेक्षा कारखान्याचंच काम जास्त चालतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्याची बिलं, ई-वे बिलं, जीएसटी हे सगळं मी घरी बसून बघते आणि छापायचं असलं की पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो. यंदा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते, म्हणजे खऱ्या फोल्डरऐवजी नुसती दुसरीकडं नेणारी चित्रं. पेनड्राइव्हमधली भरलेली जागा मात्र पूर्वीइतकीच दाखवत होता.

"अगं, वर्षाची बिलं गेली काय सगळी?" मामा म्हणाले.

"गेली नाहीत ओ मामा. जागा तेवढीच भरलेली दिसतीय, म्हणजे आतच आहेत. लपवलीत कुणीतरी."

दिराचा मुलगा शेजारीच होता. तो म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारूया की. दोन मिनिटांचं काम." मी त्याचा हात धरला. या प्रकारात बहुतेकांचा डेटा व्हायरस खात नाही, घाबरून मारलेलं फॉरमॅट खातं. आणि पेनड्राइव्ह साफ केला तरी कॉम्प्युटरमध्ये काय बसलंय ते तसंच राहतं.

ते बसलंय का, हे आधी बघायचं होतं. इंटरनेटची वायर काढली. कोऱ्या पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर केलं, काढून परत लावला. थोड्या वेळात त्या फोल्डरचाही शॉर्टकट झाला. दुकानातून काय आलं असेल ते असो, आता आमचाच कॉम्प्युटर ते वाटत होता.

मग शॉर्टकटवर डबल क्लिक न करता राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. टार्गेटच्या रकान्यात फोल्डरचा साधा पत्ता असायला हवा. तिथं लांबलचक ओळ होती: आधी एक स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला कामं सांगणारी फाइल) चालव, मग खरं फोल्डर उघडून दाखव. म्हणून तर कुणाला संशय येत नाही. फोल्डर उघडतं, बिल दिसतं, काम होतं. विंडोज 7 पासून पेनड्राइव्ह लावल्या-लावल्या आपोआप प्रोग्राम चालणं मायक्रोसॉफ्टनं बंद केलं आणि 2011 मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला. तेव्हापासून असल्या व्हायरसना माणसाच्या क्लिकची गरज लागते आणि ती क्लिक ते असं फोल्डरचं सोंग घेऊन मिळवतात.

कॉम्प्युटरमधला शोध टास्क मॅनेजरमध्ये लागला, म्हणजे आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या खिडकीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो उघडतो. डिटेल्समध्ये जाऊन वरच्या पट्टीवर राइट क्लिक केलं आणि कमांड लाइन हा रकाना चालू केला. हा रकाना सगळ्यांनी एकदा तरी बघावा, कारण कुठला प्रोग्राम कुठून आणि काय घेऊन चाललाय ते त्यात लिहिलेलं असतं. डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचा प्रोग्राम चालू होता आणि त्याच्यापुढे यूजर फोल्डरातल्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगमधल्या (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात ते फोल्डर) एका फाइलचा पत्ता होता. फाइलचं नाव म्हणजे अर्थ नसलेली अक्षरं, शेवटी व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टच. चूक झाली तरी पडद्यावर काही दाखवू नको, अशी सूचनाही त्याच ओळीत होती. पुतण्या लगेच म्हणाला, डब्ल्यूस्क्रिप्टच उडवूया. पण तो स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा स्वतःचा प्रोग्राम, सिस्टिम32 या तिच्या फोल्डरातला. त्याचा काही दोष नाही, त्याच्या हातात कागद कुणी दिला ते महत्त्वाचं.

तरी फाइल काढायच्या आधी ती काय आहे याची खात्री हवी होती. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत गेट-फाइलहॅश ही कमांड दिली, की फाइल न उघडता तिचा ठसा मिळतो: शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली 64 अक्षरं. मी एकेक वाचत गेले आणि पुतण्यानं मोबाइलवर व्हायरसटोटलच्या शोधात टाकली. ही सेवा 2004 पासून आहे, 2012 पासून गूगलकडे. एकच फाइल कितीतरी अँटीव्हायरस कंपन्यांच्या नजरेखालून जाते. ठसाच टाकायचा, कारण तिथं चढवलेली फाइल इतर कंपन्यांनाही बघायला मिळू शकते. ग्राहकांची नावं असलेलं बिल चुकूनसुद्धा तिथं जाऊ नये. आणि एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी "सापडलं नाही" असं येतं, त्यावरून निर्धास्त होऊ नका. पहिल्यांदा आमचंही तसंच आलं. पुन्हा ताडून बघितलं तेव्हा पडदा लाल झाला. मायक्रोसॉफ्टच्या ओळीत नाव होतं जेनक्सकस.

नाव कळलं आणि मला खरंच धडकी भरली. हा नुसता फोल्डर लपवणारा खोडसाळपणा नव्हे. दूर बसलेला माणूस याच्यामार्फत कॉम्प्युटरवर नव्या फाइल्स उतरवून चालवू शकतो. जून 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं याच्याविरुद्ध अमेरिकेतल्या कोर्टातून आदेश आणून त्याचे संपर्काचे पत्ते ताब्यात घेतले होते. इतका जुना, इतका ओळखीचा किडा, मग डिफेंडरनं, विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसनं, आमच्याकडे तोंड का उघडलं नाही?

उत्तर विंडोज सिक्युरिटीच्या एक्सक्लूजन्स या यादीत होतं. कुठं तपासू नये ते या यादीत सांगायचं असतं आणि आमच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. विंडोज टाकून देताना कुणीतरी चोरीचं सॉफ्टवेअर पकडलं जाऊ नये म्हणून ही सोय करून ठेवली होती. या गोष्टीचा मला अजून राग येतो. घराला कुलूप लावून देतो म्हणायचं आणि मागचं दार काढून न्यायचं, असला हा प्रकार. तुमच्या घरी कुणी विंडोज टाकून दिलं असेल तर ही यादी आज उघडून बघा.

काढताना क्रमाला महत्त्व आहे. मामा ऐकत बसले होते, ते म्हणाले, "कापडात दोष दिसला तर आधी माग बंद करायचा, मग धागा शोधायचा." अगदी तेच. स्क्रिप्ट चालू असताना फाइल उडवली तर ती स्वतःची नोंद आणि प्रती परत तयार करते. म्हणून आधी टास्क मॅनेजरमधून डब्ल्यूस्क्रिप्ट थांबवलं. मग स्टार्टअपच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत त्याच निरर्थक नावाची नोंद बंद केली. विंडोज आणि आर दाबून शेल कोलन स्टार्टअप लिहिलं की स्टार्टअपचं फोल्डर उघडतं. तिथली प्रत काढली. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, रन या भागात रोमिंगमधल्या त्याच फाइलचा पत्ता होता, तोही काढला. ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर बघितला, तिथं काही नव्हतं. शेवटी रोमिंगमधली मूळ फाइल. एक्सक्लूजन काढून टाकलं, इंटरनेट लावून डिफेंडर अपडेट केला आणि ऑफलाइन स्कॅन दिला. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण 15 मिनिटं लागतात. त्यानंतर कोरा पेनड्राइव्ह परत लावला. फोल्डर फोल्डरच राहिलं.

बिलांच्या पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढून अ‍ॅट्रिब कमांडनं हिडन (लपवलेलं), सिस्टिम (विंडोजचं) आणि रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) ही तिन्ही बंधनं सोडवली. सगळी फोल्डरं जागच्या जागी. मामांनी स्वतः दोन-चार बिलं उघडून आकडे तपासले, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

जीएसटी पोर्टल आणि बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले, कारण किती दिवस कुणाची नजर होती ते सांगता येत नाही. पैसे गेले असते तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला असता. आता बिलं पीडीएफ करून मेलनं पाठवते, पेनड्राइव्ह दुकानात जात नाही.

झेरॉक्सवाल्या भाऊंकडेही जाऊन आले. परीक्षांचे फॉर्म, रेशनची कागदं, लग्नाच्या पत्रिका, सगळ्या गल्लीचे पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच लागतात. त्यांच्या कॉम्प्युटरवरही कमांड लाइनचा रकाना चालू केला. रोमिंगच्या पत्त्यासकट तीच ओळ तिथं होती. "ताई, बसा, आत्ताच काढूया," असं म्हणून त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि आम्ही डब्ल्यूस्क्रिप्ट थांबवण्यापासून सुरुवात केली.