मॉडेल कुठलं?

रविवारी जेवण झाल्यावर भाच्याने मोबाइलवर दोन फोटो पाठवले आणि पाठोपाठ विचारले, "मामा, यातली कुठली घेऊ?" दोन्ही फोटोंत काळ्या रंगाची स्प्लेंडर होती. दोन्ही मालकांनी गाडी धुऊन, पुसून, पुढचे चाक किंचित डावीकडे वळवून उभी केली होती. एकीखाली 2018 लिहिले होते, दुसरीखाली 2021, आणि किमतीत सात हजारांचा फरक होता. मी झोपेचा विचार सोडून चपला शोधू लागलो, कारण दुसऱ्याची जुनी गाडी बघायला जाणे हा स्वतःचे पैसे न घालवता करता येणारा माझा एकमेव शौक आहे.

आपल्याकडे कोणी गाडी घेतली म्हटले की अभिनंदनाच्या आधी "मॉडेल कुठलं?" हे विचारले जाते, आणि उत्तरात कंपनीचे नाव नव्हे, साल अपेक्षित असते. त्या सालाला पैशांत किंमत आहे हे खरेच. खाजगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे 2018 ची गाडी 2033 पर्यंत आणि 2021 ची 2036 पर्यंत बिनघोर, त्यानंतर पुन्हा आरटीओचे पासिंग आणि पर्यावरण कर. पण हे साल वाटते तितके सरळ नसते. 2018 च्या गाडीच्या मालकांनी, मुलुंडच्या काकांनी, आरसी म्हणजे नोंदणीचा कागद पुढे केला तेव्हा त्यावर नोंदणी जानेवारी 2018 ची आणि उत्पादनाचा महिना नोव्हेंबर 2017 असा होता. वर्षअखेरीस शोरूममध्ये उरलेली गाडी नव्या वर्षात विकली गेली, की ती कागदोपत्री वर्षाने धाकटी होते. लग्नाच्या स्थळाची माहिती सांगताना मुलीकडचे "अठ्ठावीस पूर्ण" म्हणतात आणि मुलाकडचे "एकोणतीस चालू" लिहून घेतात, त्यातला हा प्रकार.

हे काका निवृत्त, बोलायला गोड. गाडी सोसायटीच्या आवारात भिंतीला लागून, प्लास्टिकच्या निळ्या कव्हराखाली उभी होती. "एका हाताची आहे, स्टेशन आणि बाजार, बस्स," असे सांगत त्यांनी कव्हर असे काढले की पुतळ्याचे अनावरण चालले आहे असे भाच्याला वाटावे. मीटरचे रीडिंग एकोणीस हजार किलोमीटरच्या आसपास होते. मागच्या टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे होते, 4317, म्हणजे 2017 च्या त्रेचाळिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडीबरोबर आलेला टायर अजून तसाच होता, म्हणजे रीडिंग खोटे नव्हते, आणि खाचांच्या मुळाशी रबराला बारीक भेगाही होत्या. भाचा खूश झाला. कमी चाललेली गाडी म्हणजे जवळपास नवी गाडी, अशी त्याची समजूत आहे, आणि बाजाराचीही तीच आहे.

माझे मत वेगळे आहे आणि ते मी कोणालाही न विचारता सांगतो. मुंबईत गाडीचे वय तिच्या सालावर धरू नये, तिने उघड्यावर किती पावसाळे काढले त्यावर धरावे. म्हणून मी मालकाला पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा किंवा सर्व्हिसिंगचा नसतो. "गाडी रात्री कुठे उभी असते?" एवढेच मी विचारतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या शहरात हवा इतकी दमट असते की चालणारी गाडी निदान वाऱ्याने आणि इंजिनाच्या उष्णतेने सुकते, पण कव्हराखाली उभी असलेली गाडी ओल धरून राहते. घर ते स्टेशन एवढ्याच अंतरावर जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तर आतून कुजतो, कारण पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि सायलेन्सर नीट तापण्याआधीच गाडी बंद केली तर ते पाणी आतच साचते. मी वाकून काकांच्या गाडीच्या सायलेन्सरखाली बोट फिरवले आणि बोटावर तांबूस भुगा आला. काका म्हणाले, "वरून बघा ना, वरून किती चकाचक आहे."

हे वाकणे मी अण्णांकडून उचलले. लालबागच्या चाळीत आमच्या शेजारी राहणारे अण्णा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक होते आणि अख्ख्या मजल्याच्या वाहनखरेदीवर त्यांचा शब्द अखेरचा असे. माझ्या वडिलांना हिरो होंडाची सीडी हंड्रेड घ्यायची होती. 1985 मध्ये निघालेली ती गाडी चार स्ट्रोकची होती, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नव्हती, आणि "फिल इट, शट इट, फर्गेट इट" ही तिची जाहिरात इंग्रजी न येणाऱ्या माणसांनाही पाठ होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती म्हणून दोन जुन्या बघून ठेवल्या होत्या, एक 1987 ची आणि एक 1990 ची. वडिलांचा जीव अर्थातच नव्वदच्या गाडीवर होता. तिच्या मालकाने आम्हाला सकाळी दहाची वेळ दिली होती. आम्ही पोचलो, नमस्कार झाले, चहा येतो आहे असे सांगितले गेले, आणि अण्णांनी काही न बोलता तळहात इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवर ठेवून लगेच उचलला. गाडी गरम होती. मालकाने आम्ही येण्याआधी ती चालू करून, फिरवून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या किकला उठत नसले, सुरू होताना निळा धूर सोडत असले, टॅपेट वाजत असले, तर ते लपवायचा हा सर्वांत सोपा मार्ग. चहा मात्र आम्ही घेतला.

सत्त्याऐंशीची गाडी माझगावला एका जिन्याखाली उभी होती आणि तिच्या टाकीला पोचा होता. अण्णांनी लांब पेचकस काढला, त्याचे टोक इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटले. त्यांनी तो पेचकस माझ्याही कानाला लावला होता. आतून येणारा तो घरघरता, एकसारखा आवाज मला काहीच सांगत नव्हता, तरी मी अण्णांसारखीच मान हलवली. मग त्यांनी पुढचे चाक अधांतरी धरून हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेले, मधे कुठे अडकते का ते पाहिले आणि "कोनसेट चांगला आहे" असे हँडलच्या बेअरिंगबद्दल जाहीर केले. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर आणि फूटरेस्ट पाहिले, कारण मीटर मागे फिरवता येतो पण झिजलेले रबर बदलायचे बहुतेकांना सुचत नाही. जुनी गाडी घरी आली. वडील पुढे कित्येक वर्षे लोकांना तिचे साल सांगताना आवाज थोडा खाली आणत.

त्या गाडीच्या टाकीवर, वडिलांच्या पुढ्यात बसून मी परळहून भायखळ्यापर्यंत अनेकदा गेलो आहे. पेट्रोल संपत आले की इंजिन आचके देऊ लागे, आणि मग डाव्या हाताने टाकीखालची चावी चाचपून ती रिझर्व्हला फिरवायचे काम माझ्याकडे असे. चालत्या गाडीत, मागून बसचा हॉर्न वाजत असताना, ती चावी बरोबर दिशेला फिरवण्याइतकी जबाबदारी मला नंतर कोणत्याही नोकरीत मिळाली नाही.

मुलुंडच्या गाडीला ही चावी होती. चोकही होता, कारण ती बीएस फोर या जुन्या प्रदूषण-नियमाची, कार्ब्युरेटरची गाडी. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस सिक्स लागू झाले आणि स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीतही फ्युएल इंजेक्शन आले. आता पेट्रोल किती सोडायचे ते सेन्सर पाहून संगणक ठरवतो, त्यामुळे चोक गेला आणि रिझर्व्हची चावीही गेली. थंडीत गाडी एका बटनावर सुरू होते, धूर कमी, सगळे उत्तम. मात्र कार्ब्युरेटर बिघडला तर नाक्यावरचा कोणीही मेकॅनिक जेट काढून, फुंकर मारून तो चालू करून देतो. इंजेक्शनच्या गाडीला आधी यंत्र जोडून तिची तक्रार वाचावी लागते, आणि बॅटरी अगदीच मेली तर किक मारूनही ती उठेल याची खात्री नसते. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, नाक्यावरच्या मेकॅनिककडे पण आता ते यंत्र आहे." असेल.

2021 ची गाडी भांडुपला होती. तिचा मालक भाच्याच्याच वयाचा, घरपोच जेवण पोचवणारा मुलगा, आणि रीडिंग चोपन्न हजार. एवढा आकडा ऐकला की लोक फोन ठेवतात. पण हा मुलगा गाडीबद्दल जे बोलला ते ऐकून मला अण्णांची आठवण झाली. ऑइल कधी बदलले त्याच्या तारखा त्याने फोनमध्ये लिहून ठेवल्या होत्या. चेन-स्प्रॉकेट एकदा बदलले, क्लच प्लेट एकदा बदलल्या, इंजिन अजून खोललेले नाही, डावा आरसा पडल्यामुळे नवा आहे आणि ब्रेकशू आता संपत आले आहेत, हे सगळे त्याने न विचारता सांगितले. इंजिनाला हात लावला तर थंड. "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून चालू केली नाही, काका," असे तो म्हणाला, म्हणजे कोणीतरी त्यालाही शिकवले होते. गाडी रात्री कुठे असते या माझ्या प्रश्नाला त्याने वर बोट दाखवले. चाळीच्या गॅलरीखाली, पत्र्याच्या आडोशाला.

कागदांचेही पाहून घेतले. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, त्यामुळे भांडुपच्या गाडीचा मूळ विमा 2026 पर्यंत होता, तर मुलुंडच्या काकांना आपला विमा संपला आहे हे आमच्यासमोरच कळले. नाव बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या हव्यात, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद हवा, आणि नाव बदलून झाल्याशिवाय कोणीही निर्धास्त होऊ नये. विकलेल्या गाडीने अपघात केला आणि आरसीवर नाव जुन्याच मालकाचे असले, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. हे मी भांडुपच्या मुलाला सांगितले, कारण यात भीती त्याला होती, आम्हाला नव्हे.

परतताना भाचा गप्प होता. एकोणीस हजार चाललेली जुनी गाडी की चोपन्न हजार चाललेली नवी गाडी, हे त्रैराशिक त्याच्याने सुटत नव्हते, आणि मी त्याला सायलेन्सर, टायर, रिझर्व्हची चावी, अण्णांचा पेचकस असे सगळे ऐकवून ते आणखी अवघड करून ठेवले होते. मुंबईत दुचाकी घेऊन जायचे तरी कुठे, असाही एक विचार मी मधेच मांडला. सी लिंकवर बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, जे. जे. उड्डाणपुलावर बंदी, अटल सेतूवर बंदी. या शहरात जेवढे रस्ते नवे, उंच आणि विनाखड्ड्यांचे आहेत तेवढे आपल्यासाठी नाहीत. उरलेल्या रस्त्यांवर कार्ब्युरेटर काय आणि इंजेक्शन काय!

एवढ्यात बहिणीचा फोन आला. तिने मॉडेल विचारले नाही, किंमतही विचारली नाही.

"दादा, दोन्हींमध्ये ब्रेक कुठलीचा चांगला?"

ब्रेक दोन्हींना ड्रमचेच. पण 125 सीसीपर्यंतच्या दुचाकींना जोडब्रेक 1 एप्रिल 2019 पासून सक्तीचा झाला, म्हणजे पायाचा मागचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. आपल्याकडे बहुतेकजण घाबरले की पायच दाबतात. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, खरी थांबवण्याची ताकद तिथे असते, आणि हलके झालेले मागचे चाक पहिल्या पावसात, पेव्हर ब्लॉकवर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर नुसते घसरत जाते. भांडुपच्या गाडीला जोडब्रेक आहे, मुलुंडच्या गाडीला नाही, आणि वर तिचा मागचा टायर भेगाळलेला आहे. टायर आणि ब्रेकशू काय, कोणत्याही गाडीला नवे घालता येतात, पण जोडब्रेक जुन्या गाडीला मागाहून बसवून घेण्यासारखी वस्तू नाही. हे सगळे मी तिला सांगितले.

"मग दुपारभर तुम्ही दोघं बाकीचं काय बघत बसला होतात?" तिने विचारले.

भांडुपला टोकन पाठवले. ब्रेकशू बदलून होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असे तिने भाच्याला बजावले आहे आणि तो "हो" म्हणाला आहे. त्याच्या वयात मीही "हो"च म्हणत असे.