न जुळणारे दोन आकडे

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी गेल्या हंगामातल्या गिऱ्हाइकांची यादी उघडायला बसले. लॅपटॉप चालू केला, यादीवर दोनदा टिचकी मारली, चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, परत येऊन बघते तर निळं वर्तुळ अजून फिरतंच आहे. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर वेळ लावली. यादी दिसायला १ मिनिट ४० सेकंद.

आम्ही देवगडजवळ राहतो. कलमं आहेत, मार्च ते मे पेट्या जातात आणि त्या पेट्यांचा हिशेब माझ्याकडे. लॅपटॉप २०१० सालचा, पुण्यात नोकरीला असताना घेतलेला, पहिल्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. लग्नात माझ्याबरोबर आला तो अजून आहे. दोन वर्षांपूर्वी त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (काही न फिरता चिपमध्ये साठवणारी डिस्क) बसवली, तेव्हा तो असा काही पळायला लागला की नवऱ्याने नवीन लॅपटॉपचा विषयच सोडून दिला होता. आता तो विषय पुन्हा निघाला. शिवाय विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, हा मुद्दा त्याच्या हातात होताच. सासूबाईंचं मत तर केव्हाच ठरलेलं: "म्हातारो झालो तो. कित्याक छळतंस त्येका?"

नुसता मंद असता तर मी चालवून घेतलं असतं. पण तो मधेच थिजायचा. माऊसचा बाण हलतोय, बाकी सगळं गोठलेलं. अर्धं-पाऊण मिनिट असं, आणि मग तोवर मारलेल्या सगळ्या क्लिक एकदम घडायच्या. तीन खिडक्या उघडायच्या, एक बंद व्हायची. त्या वेळी टास्क मॅनेजर उघडा असेल तर त्यात डिस्क १०० टक्के आणि शेजारी वेग शून्य. शंभर टक्के गुंतलेली आणि करत काहीच नाही. अशी माणसंही माहितीत आहेत, पण तो विषय वेगळा.

एसटीने नांदगाव तिठ्यावरून कणकवलीला गेले. दुकानातल्या मुलाने दहा मिनिटं बघून सांगितलं, एसएसडी गेली, नवीन टाका. कशावरून म्हणून विचारलं तर म्हणाला, "अनुभव आहे मॅडम." अनुभवाची पावती मिळत नाही. मी आकडा बघितल्याशिवाय पैसे सोडणारी बाई नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

घरी आल्यावर आधी सगळं खातं पेनड्राईव्हवर उतरवलं. दोन पेनड्राईव्हवर. फिरती डिस्क जाताना बहुतेक वेळा कुरकुरते, घरघरते, चार दिवस सूचना देते. एसएसडी संध्याकाळी चालत असते आणि सकाळी सापडत नाही, असंही होतं. मग एक दोनशेपानी वही काढली आणि ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधीचा-नंतरचा आकडा लिहायचा.

सुरुवात जागेपासून. २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये २२३ दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातली मोकळी ११. बाकी काय होतं? फोटो. प्रत्येक पेटी भरली की आम्ही वरचा पेंढा बाजूला करून फोटो काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. दोन हंगामांचे सगळे फोटो तसेच.

भरलेली एसएसडी मंद का होते हे मला आमच्या पडवीवरून कळलं. तिच्या चिपमध्ये लिहिताना लहान लहान पानांवर लिहिता येतं, पण पुसायचं तर अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो, आणि एका ब्लॉकमध्ये अशी कितीतरी पानं. हंगामात पडवी क्रेटनी गच्च भरली की मागचा एक क्रेट काढायला पुढचे आठ हलवावे लागतात. पडवी अर्धी रिकामी असेल तर कोपऱ्यातला क्रेटही सरळ उचलता येतो. तसंच. डिस्कमध्ये मोकळे ब्लॉक नसले की आधी चांगली पानं दुसरीकडे हलवा, मग ब्लॉक पुसा, मग नवीन लिहा. शिवाय स्वस्तातल्या एसएसडी आपली थोडी जागा पटकन लिहून घेण्यासाठी वापरतात, डिस्क भरत जाते तशी तीही आकसते. मी ८० जीबीचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले. मोठ्या फाईल कॉपी होणं सुधारलं. थिजणं तसंच.

मग ट्रिम. कुठली पानं आता नको आहेत हे विंडोज ज्या आज्ञेने एसएसडीला कळवते ती ही. ती चालू आहे का हे बघायची ओळ कमांड प्रॉम्प्टमध्ये टाकली की उत्तर येतं: 'डिसेबल डिलीट नोटिफाय बरोबर शून्य'. म्हणजे 'कळवणं बंद करा' हे शून्य, म्हणजे कळवणं चालू. सरकारी पत्रासारखी भाषा. दोनदा वाचून वहीत लिहिलं: चालू आहे.

पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, सरळ बसलंय का तेही तपासलं, कारण जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून टाकलेल्या एसएसडीत कधी कधी ते तिरकं बसतं आणि मग एका कामाला दोन पानं हलवावी लागतात. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये सी ड्राइव्हची सुरुवात दिसते: १०,५९,०६,१७६ बाइट. ४०९६ ने पूर्ण भाग गेला तर सरळ. भागलं, २५,८५६. बाकी शून्य. भागाकार असा सुटला की मला उगाच बरं वाटतं. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्क चालवायची पद्धत एएचसीआय हवी, ती होतीच. पॉवर प्लॅन बदलून बघितला, ढिम्म फरक नाही.

आता मोजमाप. डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं. सलग वाचन सेकंदाला १३८ एमबी, सलग लिहिणं १२१. एसएसडीच्या खोक्यावर ५५० लिहिलंय. दुकानातला मुलगा एवढ्यावर म्हणाला असता, बघा, गेली. मलाही क्षणभर तेच वाटलं. पण डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तब्येत 'गुड', ९४ टक्के, निळ्या चौकोनात. एक वही म्हणते मंद, दुसरी म्हणते ठणठणीत. ताळा लागत नाही तिथे मी थांबते, आणि थांबले म्हणूनच त्याच खिडकीतली 'ट्रान्सफर मोड' नावाची, आजवर कधी न वाचलेली ओळ वाचली.

साटा १५०, उभी रेघ, साटा ६००.

उजवीकडचा आकडा म्हणजे डिस्कला किती जमतं. डावीकडचा म्हणजे आत्ता किती चाललंय. साटा म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड (लॅपटॉपचा मुख्य बोर्ड) यांच्यातली जोडणी. तिचे तीन वेग आहेत: सेकंदाला दीड, तीन आणि सहा गिगाबिट. तारेवरून दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात, म्हणून ते सेकंदाला १५०, ३०० आणि ६०० एमबी होतात, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. माझे १३८ म्हणजे १५० च्या रस्त्यावर जेवढं मिळायचं तेवढंच. डिस्क आपलं काम चोख करत होती. रस्ता अरुंद झाला होता.

डावीकडे ६०० यायला हवं होतं का? नाही. माझ्या लॅपटॉपचा चिपसेट, म्हणजे मदरबोर्डवरची ही वाहतूक सांभाळणारी चिप, इंटेलचा एचएम५५, आणि त्याचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच. ६ गिगाबिट इंटेलच्या लॅपटॉपांत आलं ते २०११ च्या पुढच्या मालिकेत. म्हणजे खोक्यावरचे ५५० माझ्या नशिबात कधीच नव्हते, हे मला दोन वर्षांनी कळलं. (एसएसडी डीव्हीडीच्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, बसवलेल्यांनीही ही ओळ बघावी; काही लॅपटॉपांत तो पोर्ट हार्ड डिस्कच्या पोर्टपेक्षा हळू असतो.) पण ३०० तरी दिसायला हवं होतं. १५० का?

त्याच खिडकीत खाली रांगा असतात, त्यातली सी७, 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट'. पुढे १ए४एफ. मला आधी तो मॉडेल नंबर वाटला. नंतर कळलं की हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतं, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, ए ते एफ हेही अंकच. सेटिंगमध्ये दशमान करता येतं. १ए४एफ म्हणजे ६,७३५. दुसऱ्या दिवशी १ए९३, म्हणजे ६,८०३. एका दिवसात ६८ ची भर.

सीआरसी म्हणजे चक्क ताळा. पाठवणारा मजकुरासोबत त्याची बेरीज पाठवतो, घेणारा पुन्हा बेरीज करून बघतो. नाही जुळली तर परत पाठव म्हणतो. सी७ हा अशा न जुळलेल्या बेरजांचा आकडा. तो वाढतोय याचा अर्थ बहुधा चिप खराब असा नसतो, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधे काहीतरी बिघडलंय असा असतो. अशा चुका होत राहिल्या की जोडणी खालच्या वेगावर उतरते, आणि फारच झालं की विंडोज दार ठोठावून थकते आणि डिस्क रीसेट करते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद होती, क्रमांक १२९, 'रीसेट टू डिव्हाइस'. थिजल्याच्या माझ्या वहीतल्या वेळा आणि या नोंदींच्या वेळा शेजारी ठेवल्या. चारपैकी चार जुळल्या.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. घरातलं काहीही बंद पडलं तर बाबांचा एकच प्रश्न असतो: "कॉन्टॅक पुसलंस?" मिक्सर, टीव्हीचा रिमोट, फोनला रेंज नाही, कशालाही. पावसाळा संपला की ते विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर उघडतात आणि काळे-हिरवे पडलेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासतात. इथे दरवर्षी तसं केलं नाही तर मोटर नुसतीच गुरगुरते. लॅपटॉप बिघडला त्याच दिवशी त्यांनी मला ते विचारलं होतं आणि "वाऱ्यान कॉन्टॅक खाल्लो आसतलो" असंही म्हटलं होतं. मी हसण्यावारी नेलं. कॉम्प्युटर म्हणजे काय पंप आहे? पंधरा दिवस मी ट्रिम आणि पार्टिशन करत बसले ती त्याच हसण्याची फेड.

बॅटरी काढली, चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं. माझ्या लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डला लागत नाही, मधे बोटभर लांबीची चपटी पट्टी आहे, दोन टोकांना कनेक्टर. डिस्कची टोकं ठीक होती. पट्टीच्या टोकाला, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितल्यावर, तीन-चार पिनांच्या मुळाशी हिरवट पिठी. सोन्याचा मुलामा असतो, पण इतका पातळ की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारी दमट हवा खालच्या तांब्यापर्यंत जाते. बाबा मागे पॉलिश पेपर घेऊन उभेच होते. त्यांना हात जोडले. त्या कागदाच्या एका हातात तो मुलामा गेला असता. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, एवढंच वापरलं. अर्धा तास वाळू दिलं, पट्टी दोन-तीनदा काढून घातली, झाकण लावलं.

साटा ३००, उभी रेघ, साटा ६००. बाबा काही बोलले नाहीत. पॉलिश पेपर खिशात घालून बागेत गेले.

इथेच संपलं असतं तर छान झालं असतं. सतरा दिवस बरं चाललं, अठराव्या दिवशी पुन्हा १५०. एकदा खाल्लेली पिन पुसून किती दिवस टिकणार. तोवर मी त्या पट्टीवर छापलेला क्रमांक शोधून तशीच पट्टी ऑनलाईन मागवली होती, ३५० रुपये. ती बसवली. तेव्हापासून सलग वाचन २६८, लिहिणं २३१, यादी उघडायला ७ सेकंद, आणि १२९ ची एकही नवी नोंद नाही. गंमत म्हणजे छोट्या विखुरलेल्या वाचनाचा आकडा, ज्यावर रोजचं काम चालतं, तो १६ वरून १९ एवढाच गेला. सलग वेग दुप्पट झाला हे सांगायला छान, पण मला सुटका मिळाली ती थिजण्यापासून.

हे झालं कधी, याचाही अंदाज आहे. जून ते सप्टेंबर लॅपटॉपला काम नसतं. गेल्या पावसाळ्यात तो चार महिने बंद, समुद्राकडच्या खोलीत, कापडी पिशवीत पडून होता. चालू यंत्र निदान गरम होऊन कोरडं राहतं, बंद यंत्र ओल पीत बसतं. यंदा तो माजघरातल्या कपाटात जाईल, आणि पावसात एक दिवसाआड तासभर चालू करायचा असं वहीत लिहून ठेवलंय. होईल की नाही ते श्रावणात कळेल.

नव्या पट्टीनंतरही सी७ शून्यावर आलं नाही म्हणून मी आधी दचकले होते. तो आकडा डिस्क कायम जपून ठेवते, कमी होत नाही. बघायचं ते वाढतोय का एवढंच. पट्टी बदलली त्या दिवशी १बी०७ होता, म्हणजे ६,९१९. आज पहिल्या चाळीस पेट्यांची बिलं केली आणि मग उघडून बघितलं. १बी०७.