तुम्ही विचारलंत म्हणून: ॲक्सोलॉटल नवख्याला झेपेल का?

ॲक्सोलॉटल म्हणजे मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा सॅलॅमँडर: बेडकाच्या नात्यातला, पाय-शेपटी आणि डोक्याबाहेर कल्ले असलेला प्राणी. तो पाळण्याबद्दलचा हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की विचारणाऱ्याच्या सुरावरूनच कळतं, याला 'हो' हवंय. टँक कुठे ठेवायचा ते ठरलेलं असतं, कधीकधी तर तो घरात येऊनही पडलेला असतो. फक्त कुणीतरी पाळणाऱ्यानं मान डोलवायची बाकी असते. मी ती चटकन डोलवत नाही, म्हणून 'या बाई उगाच घाबरवतात' असं माझ्याबद्दल बोललं जातं. बरं. एकदा काय ते सगळं सांगते, मग खुशाल बोला.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे, कारण एके काळी ते माझंच होतं. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यावं लागत नाही. मोठा झाला की दोन-तीन दिवसांतून एकदा गांडूळ दिलं तरी भागतं. यातलं काहीही खोटं नाही. थंडाव्याचं तुम्ही ऐकलेलंच असतं: पाणी १६ ते १८ अंशांच्या आसपास हवं, २४ च्या वर गेलं की त्याचे हाल. पंखा लावा, चिलर घ्या, बाटल्या गोठवून सोडा, पण ते सांभाळावंच लागतं. खडे नकोत, तो घास पाण्यासकट ओढून घेतो आणि खडाही गिळतो. पिल्लं एकत्र नकोत, एकमेकांचे पाय तोडतात. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं आणि मीही वाचलेलं होतं. म्हणून तर मला ढब्ब्याबद्दल सांगायचंय.

ढब्ब्या माझा पहिला. त्याला आणण्याआधी पाच आठवडे मी रिकामा टँक चालवला होता, म्हणजे प्राण्याच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू दिले होते. थेंबथेंब अमोनिया घालायचा, तपासायचं, वहीत लिहायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडंसं, असे आकडे आल्यावरच तो घरात आला. म्हणजे मी काही हौसेच्या भरात उडी मारणारी नव्हते, हे आधी नोंदवून ठेवते.

आठ महिने छान गेले. इतके छान की टेस्ट किटमधल्या बाटल्या कपाटात मागे गेल्या. मग एका रविवारी फिल्टरमधून पाण्याची धार बारीक झालेली दिसली. स्पंज काढला तर त्यावर तपकिरी, बुळबुळीत गाळ. तो स्पंज मी नळाखाली धरला आणि पिळत राहिले. आधी चहासारखं पाणी निघालं, मग फिकट, मग स्वच्छ. नव्यासारखा दिसेपर्यंत पिळला. टँकमधल्या पाण्यात मी न चुकता क्लोरीन काढणारं अँटिक्लोरीन घालत असे, पण स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धुताना मनाला काहीही टोचलं नाही. उलट फार बरं वाटलं. तळ पुसला, काचा घासल्या, बरंचसं पाणीही बदललं.

अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात, हे मला ठाऊक होतं. पण जिवाणू म्हणजे न दिसणारं काहीतरी, अशी माझी समजूत. तो गाळ म्हणजेच त्यांची वस्ती, आणि पाच आठवडे खपून मी हा गाळच तर पिकवला होता, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. टँकमधलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज दोनदा दाबला असता तरी काम झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं गांडूळ तोंडात घेतलं आणि सोडून दिलं. शेपटीचं टोक गळासारखं वळलं होतं, कल्ले पुढे झुकले होते. मला वाटलं, रुसलाय. खरंच असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कल्ल्यांचे लाल झुपके झिजलेल्या टूथब्रशसारखे विरळ दिसायला लागले, तेव्हा कुठे किट बाहेर काढलं. परीक्षानळीत पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं, आणि हलवत गेले तसं आणखी गडद होत गेलं. रंगाच्या पट्टीवर अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार. मी नळी धुऊन पुन्हा तपासलं, जणू नळीचीच चूक होती.

मग टबमध्ये हलवणं, रोज सगळं पाणी बदलणं, रात्री दोन-दोन तासांनी उठून टॉर्च बोटांआड धरून बघणं. त्याला पापण्या नसतात, म्हणून सरळ उजेड टाकवत नव्हता. सातव्या दिवशी पहाटे तो गेला. तोंड तसंच, तुम्हाला हसरं वाटतं ते. तोंडाची ठेवणच तशी असते.

पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना 'त्याला आजार झाला होता' असं सांगत होते. तुमच्यापैकी काहींनाही सांगितलंय.

हे ऐकूनही लोक म्हणतात, 'पण त्याला तर तुटलेला पाय परत फुटतो!' फुटतो. मज्जारज्जू, हृदयाचा तुकडासुद्धा भरून येतो. पण ते व्हायला जगावं लागतं, आणि तो पाण्यातच श्वास घेतो, त्या पाण्यातच विष असलं तर भरून काय येणार? दुसरा युक्तिवाद, 'प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढतोच की.' वाढतो. १८६४ मध्ये मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले, तेव्हापासून माणसाच्या हाताखाली त्यांची वीण चालू आहे. पण तिथे पाणी तपासणं हे कुणाचं तरी रोजचं काम असतं. माझ्याकडे ते काम माझ्या मूडवर होतं.

आणि 'नामशेष होणारा जीव आपण वाचवतोय' हे तर मी स्वतः ठासून सांगायचे. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत, म्हणजे त्याच्या मूळ घरी, १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, २०१४ मध्ये सुमारे ३६. माझ्या काचेतल्या एका प्राण्यानं त्यातला एकही वाढलेला नाही. पाळायला आवडतो म्हणून पाळते, एवढंच.

हो, पाळते. ढब्ब्यानंतर चार महिन्यांत दुसरी आणली. ती आता सहा वर्षांची आहे. म्हणजे 'नका पाळू' म्हणायला मला तोंड नाही. 'पाळा' म्हणायला गेले की तो पिळलेला स्पंज आठवतो. तुम्ही 'नवखा' म्हणता तेव्हा मला नेमकं कळत नाही, मी त्या रविवारी नवखी होते की नव्हते. आठ महिने झाले होते, वही भरलेली होती. पहिल्या आठवड्यात मी तो स्पंज कधीच तसा धुतला नसता, तेव्हा हात लावायलाही घाबरत होते.

परवा एकानं विचारलं, किती दिवसांनी निर्धास्त होता येतं? मी त्याला काही बोलले नाही. घरी येऊन पाणी तपासलं. पिवळं होतं.